मंद लयीची वाट

हे छोटं पुस्तक पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या ऐकणाऱ्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. विषय आहे लाउंज संगीत. जॅझची स्वरसंगती, ब्लूजची आर्तता आणि यंत्रातून निघणारा मंद, न थकणारा ठेका यांच्या मिश्रणातून हे संगीत उभं राहिलं. आपल्याकडे ते आधी कानावर पडलं आणि त्याचं नाव मागाहून कळलं. मुंबई-गोवा महामार्गावरच्या हॉटेलांत, कोलाडला राफ्टिंगसाठी येणाऱ्यांच्या रिसॉर्टवर, अलिबाग-मांडव्याकडच्या बंगल्यांच्या हिरवळीवर ते हलक्या आवाजात चालू असतं. पाहुणा तासभर बसतो, जेवतो, निघून जातो. तिथे काम करणारी आपल्या गावांतली मुलं मात्र ते दिवसभर ऐकत असतात. तरीही हे पाहुण्यांचंच संगीत आहे, आपल्याशी त्याचं काही देणंघेणं नाही, असा एक समज आपल्या भागात पक्का बसला आहे.

हा समज मला मान्य नाही, आणि तो खोडून काढण्यासाठीच मी लिहायला बसलो. लाउंज हे माझ्या मते दमलेल्या माणसाचं संगीत आहे. दिवसभराची धावपळ अंगातून उतरत असते, पण झोप अजून लांब असते, त्या मधल्या वेळेसाठी ते बनलं आहे. शिवाय ते ज्या वाटेने आपल्यापर्यंत आलं, त्या वाटेवर आपलीच माणसं भेटतात. गोव्याहून मुंबईला आलेले वाजवणारे भेटतात, पुणतांब्यात जन्मलेला एक संगीतकार भेटतो, गिरणी कामगाराचा मुलगा भेटतो, बेळगावात जन्मलेली एक ठुमरी गायिका आणि तिचा मुलगा भेटतो. ही वाट कोणी आपल्याला नीट चालून दाखवली नाही, म्हणून ती परकी वाटते.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. हंगाम जवळ आला की तिथे रात्री जागतात. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग मारणं ही कामं चालू असतात तेव्हा गाणी मोठ्या आवाजात लागलेली असतात. कोळीगीतं, आरत्या, सिनेमातली ढंगदार गाणी, सगळं. पण आखणी करणाऱ्याच्या आसपास वातावरण वेगळं असतं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बारीक ब्रश, रोखलेला श्वास आणि एकाच दमात ओढायची रेघ. हात हलला तर मूर्तीची नजर बिघडते. एका कारखान्यात आखणी करणारा एक तरुण कानात हेडफोन घालून बसलेला मी पाहिला. काय ऐकतोस, म्हणून विचारलं तर त्याने एक बाजू काढून माझ्या कानाला लावली. मंद ठेका, इलेक्ट्रिक पियानोचे लांबवलेले सूर आणि दूरवर एक ट्रम्पेट. कोण वाजवतंय हे त्याला माहीत नव्हतं. "याच्यावर हात थरथरत नाही," एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. लाउंज संगीताच्या परिणामाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलेलं नाही.

हात का थरथरत नाही, याचं उत्तर संगीताच्या रचनेतच सापडतं. मला या पुस्तकात सगळ्यात जास्त ओढ आहे ती याच भागाची, म्हणून इथे जरा थांबतो.

आपला कान तंबोऱ्यावर वाढलेला आहे. भजनाला बसा की शास्त्रीय मैफलीला, षड्ज एकदा लागला की तो हलत नाही. सगळे सूर त्या एका सुराशी नातं जोडून उभे राहतात. जॅझमध्ये सुराखालची जमीनच बदलत जाते. हे पुस्तकात वाचून कळणार नाही. घरात पेटी असेल तर भाता मारायला दुसऱ्या कोणाला तरी बसवून करून पाहा. उजव्या हाताने मध्य सप्तकातला पंचम धरून ठेवा. डाव्या हाताने खाली सा, ग, प हे तीन शुद्ध सूर एकत्र दाबा. पंचम शांत बसलेला ऐकू येईल. आता पंचम न सोडता डाव्या हाताने शुद्ध म, ध आणि वरचा सा एकत्र दाबा. सूर तोच आहे, बोटही हललेलं नाही, पण पंचम आता अधांतरी वाटायला लागतो. त्याला कुठे तरी जायचं आहे आणि जायची घाई मात्र नाही, अशी ती अवस्था. पाश्चात्त्य हिशेबात मध्यमापासून मोजलं तर हा नववा सूर ठरतो, आणि अशा सातव्या, नवव्या सुरांनी जॅझची स्वरसंगती भरलेली असते. लाउंज संगीताने जॅझकडून प्रामुख्याने हीच गोष्ट उचलली. जॅझमधली भरधाव तान, वाजवणाऱ्यांमधली चुरस त्याने बाजूला ठेवली आणि हा अधांतरी रंग तेवढा घेऊन त्याच्यावर मुक्काम केला.

ब्लूजशी आपलं नातं याहून जवळचं आहे. ब्लूजमधला गंधार धड कोमल नसतो आणि धड शुद्धही नसतो. गिटारची तार ओढून वाजवणारा तो दोघांच्या मध्ये ठेवतो, हलवतो, कधी एकाकडे झुकवतो, कधी दुसऱ्याकडे. मींडेची आणि आंदोलनाची सवय असलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट सवाल-जबाबाची. गायक एक ओळ म्हणतो, गिटार त्याला उत्तर देते. आपल्या भजनात बुवाने ओळ टाकली की मागची मंडळी ती झेलतात, तीच घडण. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांच्या कामाच्या गाण्यांतून ब्लूज आलं. आपल्याकडेही शेतात भलरी म्हणत. पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या गाण्यांमागे गुलामगिरीचा इतिहास आहे, माणसं विकली जाण्याचा इतिहास आहे. घडण मिळतीजुळती आहे म्हणून दुःखही सारखं, असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तिसरा धागा यंत्राचा. चार किंवा आठ मात्रांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, याला लूप म्हणतात. यंत्राचं संगीत म्हणजे निर्जीव संगीत असं म्हणणाऱ्यांना मी तबल्याचं एकल वादन आठवायला सांगतो. पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो, तेच सूर, तीच चाल, तासभर. कंटाळा येतो का? लेहरा न बदलता राहतो म्हणूनच तबलजी काय बदलतो आहे ते आपल्याला ऐकू येतं. लाउंज संगीतातला लूप हेच काम करतो. ठेका साधारण मिनिटाला 80 ते 115 ठोक्यांच्या आसपास असतो, म्हणजे आपली आरामातली मध्यलय. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीपासून ती फार लांब नाही. वर सुरांची अधांतरी अवस्था, मध्ये ब्लूजचा ओला गंधार आणि खाली हा न चुकणारा फेरा. त्या आखणी करणाऱ्या तरुणाचा हात स्थिर राहिला तो या तिहेरी बांधणीमुळे.

आता ही वाट.

1935 साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे वादक आले. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात हा काळ मोठ्या मेहनतीने उभा केला आहे, तो मुळातून वाचावा असा आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. या अमेरिकन वादकांकडून जॅझ शिकले ते गोव्याचे वाजवणारे. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलेलं असे. आगबोटीने ते मुंबईला येत, धोबीतलाव-माझगावकडच्या आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वसतिगृहांत, उतरत. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ त्यांच्यातले. मुंबईने त्यांना शिक चॉकलेट या नावाने ओळखलं आणि त्यांचा ट्रम्पेट ऐकून त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटलं.

मग 1949 मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांतली नाचगाणी ओसरली, वाजवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. ते सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही नावं त्यानंतर कित्येक वर्षं चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शोधून सापडत नसत, पण हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ त्यांनी बांधला. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, शिक चॉकलेटना हाताशी घेतलं. 'शहनाई', 'समाधी', 'अलबेला', 'आशा' या चित्रपटांतली त्यांची गाणी ऐका. चाल मराठी माणसाच्या ओठांवर बसेल अशी आणि तिच्याखाली ट्रम्पेट-सॅक्सोफोनची झिंग अस्सल जॅझची. 'अलबेला' 1951 चा. त्यात शिक चॉकलेट आणि त्यांची मंडळी पडद्यावरच वाजवताना दिसतात, आणि त्यांच्या वाजवण्यावर नाचतात ते भगवानदादा पालव, एका गिरणी कामगाराचा मुलगा. परळ-लालबागच्या चाळींतून भगवानदादांची ती लटकती चाल पोराटोरांनी उचलली. गणपतीच्या मिरवणुकीत आजही ती दिसते. जॅझ हा श्रीमंतांचा शौक होता असं कोणी म्हणालं तर मी त्याला गिरणगावातल्या त्या नाचाची आठवण करून देतो.

गिरणगावाशी आपल्या भागाचं नातं सांगायला नको. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतून एक तरी माणूस गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते जग मोडलं. त्याच 1982 साली मुंबईत एक तबकडी निघाली होती. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, एक ताल देणारं, एक खर्जाची ओळ फिरवणारं, एक सूर वाजवणारं, आणि त्यांच्यावर भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी खपली नाही. 2010 मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या जाणत्यांनी तोंडात बोटं घातली, कारण असं संगीत शिकागोत काही वर्षांनी जन्माला आलं असं ते समजत होते. चरणजित सिंग 2015 मध्ये वारले. उतारवयात का होईना, त्यांना युरोपात जाऊन हे संगीत तरुणांसमोर वाजवता आलं.

आणि 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग नावाचा क्लब उघडला. जॅझ, ब्लूज, इलेक्ट्रॉनिक, सगळं तिथे प्रत्यक्ष वाजवलं जाई, ध्वनिव्यवस्था उत्तम होती, देशोदेशीचे वादक येत. 2016 मध्ये तो बंद झाला. गिरण्यांच्या जागेवर क्लब आणि मॉल आले याची चीड आपल्या लोकांच्या मनात आहे आणि ती रास्त आहे. कामगारांना घरं मिळण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, हे विसरून लाउंज संगीताचं कौतुक करणं मला जमणार नाही. पण राग जमिनीच्या व्यवहारावर असावा. तिथे वाजलेल्या सुरांनी गिरणी बंद केली नव्हती. ज्या माणसाच्या आजोबांनी त्या आवारात तिसरी पाळी केली, त्याला तिथलं संगीत ऐकण्याचा हक्क इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे. आपण तो हक्क सोडून दिला, याचं मला वाईट वाटतं.

जगाच्या बाजूने याच वाटेकडे पाहिलं तर काही धागे चकित करणारे आहेत. डेव्ह ब्रूबेक हा अमेरिकन पियानोवादक 1958 मध्ये मुंबईला आला होता, इथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांसोबत बसून त्याने वाजवलं. त्याच दौऱ्यात त्याने तुर्कस्तानात आणि इतरत्र विषम मात्रांचे ताल ऐकले आणि पुढच्याच वर्षी त्याचा 'टाइम आउट' हा संग्रह निघाला. त्यातलं पॉल डेस्मंडने रचलेलं 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे, तीन आणि दोन अशा विभागणीचं. झपतालाच्या दोन-तीनची सवय असलेल्याने ते हातावर मोजून पाहावं, मौज येते. चाळीस वर्षांनी, 2000 साली, लुडोविक नावार या फ्रेंच माणसाने सेंट जर्मेन या नावाने 'टूरिस्ट' काढला, तोही ब्लू नोट या जॅझच्या जुन्या, नामांकित कंपनीकडून. त्यातल्या पहिल्याच तुकड्यात त्याने 'टेक फाइव्ह'चा ड्रम उचलून फिरवत ठेवला आहे. त्याच संग्रहात दुसरीकडे जॉन ली हुकरचा आवाज आणि गिटार आहे. हुकर मिसिसिपीचा ब्लूज गायक. एकटा बसून गिटार वाजवायचा आणि पायाने ठेका धरायचा, इतकीच त्याची साथसंगत. नावारने 1990 च्या 'द हॉट स्पॉट' या चित्रपटासाठी हुकरने केलेल्या ध्वनिमुद्रणातला तुकडा घेतला, तो गुणगुणणारा जाड आवाज तसाच ठेवला आणि खाली यंत्राचा ठेका पसरला. त्या चित्रपटाच्या संगीतात हुकरसोबत जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसही आहे. जॅझ, ब्लूज आणि यंत्र एका ठिकाणी कसे नांदतात हे मला विचाराल तर मी नावारची ही पाच-सहा मिनिटं ऐकायला लावेन.

इबिझा बेटावरच्या कॅफे देल मार या ठिकाणी सूर्यास्ताला वाजणाऱ्या संगीताचे संग्रह 1994 पासून निघू लागले, पॅरिसच्या बुद्धा बारचं नाव त्यानंतर गाजलं. वॉशिंग्टनचे थीव्हरी कॉर्पोरेशन, लंडनचे नितीन सोहनी आणि तलविन सिंग यांनी त्यात आपापली भर घातली. तलविन सिंग यांच्या 'ओके' या संग्रहाला 1999 मध्ये ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या कर्ष काळे यांनी तबल्याला विजेची जोड दिली, 2001 मध्ये त्यांचा 'रियलाइझ' आला. सांगलीच्या आशाबाई भोसल्यांचा आवाज तर या मंडळींचं दैवतच. कॉर्नरशॉप या ब्रिटिश गटाने त्यांच्यावर रचलेलं गाणं 1998 मध्ये, ठेका बदलून केलेल्या नव्या रूपात, ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं.

या सगळ्या यादीतून एकच नाव निवडायचं झालं तर मी त्रिलोक गुर्टूंचं निवडेन, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या आईचं.

शोभा गुर्टू 1925 मध्ये बेळगावात जन्मल्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर गायिका होत्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. शोभाताईंनी ठुमरी, दादरा, कजरीला वाहून घेतलं. 2002 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, 2004 मध्ये त्या गेल्या. ठुमरी गाणारी व्यक्ती रागाच्या शिस्तीत राहते आणि भाव मागेल तिथे दुसऱ्या रागाच्या सुराला हात लावते. शुद्ध-अशुद्धाचा बाऊ करणाऱ्यांना ते खपत नाही, पण ठुमरीचा जीव त्यातच आहे. अशा घरात 1951 मध्ये त्रिलोक जन्मले. लहानपणी तबला हातात आला. पुढे जॅझची ओढ लागली आणि ते युरोपात गेले. ट्रम्पेटवादक डॉन चेरीसोबत वाजवलं, 'ओरेगॉन' या गटात वाजवलं, गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनच्या त्रयीत वाजवलं.

त्यांना वाजवताना पाहणं हा स्वतंत्र अनुभव आहे. ड्रम वाजवणारे स्टुलावर बसतात. हे जमिनीलगत गुडघा टेकून बसतात, तबलजीची बैठक न सोडता. भोवती तबला, ड्रम, झांजा, घुंगरं, शिंपल्यांच्या माळा आणि शेजारी पाण्याने भरलेली एक बादली. वाजती झांज ते हळूच त्या पाण्यात उतरवतात आणि तिचा सूर वाकत, ओला होत खाली जातो. यंत्राने जे साधायला कळा फिरवाव्या लागतात, ते इथे एका बादलीने साधतं.

1988 मध्ये त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला संग्रह आला, 'उस्फ्रेट'. त्यात डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, सिंथेसायझर आहे आणि शोभाताई गातात. मुलाने आईला जॅझच्या मांडवात पाहुणी म्हणून बोलावलेलं नाही. तिचा आवाज मध्ये आहे आणि बाकीचे त्याच्या भोवती बसले आहेत. साठी ओलांडलेली ठुमरी गायिका आपली बोलबनावाची, म्हणजे शब्द भावाने फुलवण्याची, पद्धत तसूभरही न बदलता गाते आणि ट्रम्पेट तिला उत्तर देतो, हे ऐकताना मिश्रण कशाला म्हणतात ते कळतं. 2004 मध्ये त्रिलोक यांनी रॉबर्ट माइल्स या इलेक्ट्रॉनिक संगीतकारासोबत आणखी एक संग्रह केला. तोही ऐकण्यासारखा आहे, पण 'उस्फ्रेट'मधली ऊब त्यात मला सापडत नाही.

आता एक कडू गोष्ट. लाउंजच्या नावाखाली जे खपतं, त्यातलं बरंच पातळ आहे. मोठ्या नावांची भरभराट झाली तसे शेकड्याने संग्रह निघाले. तयार ठेका घ्यायचा, वर सतारीचा एक विकतचा तुकडा टाकायचा, कोणा बाईच्या आवाजात एक आलाप मिसळायचा आणि वेष्टनावर बुद्धाचं चित्र छापायचं. त्यात कोणी वाजवलेलं नसतं, कोणी कोणाला उत्तर दिलेलं नसतं. हॉटेलांत बहुतेक वेळा हेच लागतं आणि त्यावरून लोक सगळ्या प्रकाराला नावं ठेवतात. या पुस्तकात मी असले संग्रह घेतलेले नाहीत. माझी कसोटी साधी आहे. मंद आवाजात ऐकलं तर त्रास देऊ नये, आणि आवाज वाढवून लक्ष देऊन ऐकलं तर पोकळ निघू नये. दुसऱ्या अर्ध्यात बहुतेक संग्रह नापास होतात.

पेण आणि रोहा हीच गावं का, तेही सांगतो. मुंबईहून गोव्याला जाणारा महामार्ग पेणवरून जातो. मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे रोह्यालाच सुरू होते. 26 जानेवारी 1998 ला ती रोह्यापासून पार मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे 740 किलोमीटर, धावू लागली. मुंबई आणि गोवा ही आपल्या जॅझची दोन टोकं, आणि त्यांच्यामधली रोजची ये-जा आपल्या दारावरून होते. आपण मधले आहोत, दोन्हीकडचं ऐकू शकतो. शिवाय ज्या जगण्यासाठी हे संगीत आहे ते जगणं इथे भरपूर आहे. धाटावच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी आलेला ऑपरेटर, पहाटेच्या दिवा गाडीसाठी घड्याळ लावून पडलेली बँकेतली मुलगी, हंगामात रात्र जागवणारे कारखानदार. यांना दिवसभर यंत्रांचा, गाड्यांचा, भोंग्यांचा आवाज ऐकावा लागतो. रात्री पुन्हा डीजेच्या भिंती. सावकाश वाजणारं, पण बुद्धीला कमी न लेखणारं संगीत त्यांना मिळायला हवं.

ऐकण्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. त्यातून खर्ज बाहेरच पडत नाही आणि लाउंजचा निम्मा जीव खर्जात असतो. साधा, पण कानाला नीट बसणारा हेडफोन पुरतो. आणि पहिल्यांदा ऐकताना हातात दुसरं काम घेऊ नका. एकदा खर्जाच्या ओळीमागे जा, पुढच्या वेळी फक्त पियानोमागे. कामाच्या सोबतीला ते नंतर आयुष्यभर ठेवता येईल, त्या आखणी करणाऱ्या तरुणासारखं.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे लावला आहे, पण तो पाळायलाच हवा असं नाही. ज्यांच्या घरी ठुमरी-भजनाची आवड आहे त्यांनी 'उस्फ्रेट'पासून सुरुवात करावी, सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्यांनी 'अलबेला'पासून, आणि तरुणांनी चरणजित सिंग यांच्यापासून. पेण-रोह्यातल्या वाचनालयांना, भजनी मंडळांना आणि कॉलेजच्या मुलांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, चांगले स्पीकर लावून, चार माणसं जमवून यातला एकेक संग्रह सलग ऐका आणि ऐकून झाल्यावर त्यावर मोकळेपणाने बोला. आवडला नाही तर तसं म्हणा, पण पूर्ण ऐकून म्हणा.